बंद खाणीत झाडं कुठली लावायची हे नंतर बघू, आधी कातळावरचे खळगे मोजा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. बारा एकरांची दगडखाण तुमच्या गटाकडे आलीय, दहाएक वर्षं काम बंद आहे, एका अंगाला खोल पाणी, त्याच्या डोक्यावर उभा कडा, मधे सपाट कातळ आणि कडेला मलब्याचे ढीग. तिचं निसर्ग राखीव क्षेत्र करायचंय. तर झाडं कुठली लावायची, पाण्यात मासे कुठले सोडायचे, ढीग जेसीबी लावून सपाट करून घ्यायचे का, आणि मुलांना तिथं कधीपासून नेता येईल, हे तुमचे चार प्रश्न.

मी अठरा वर्षं हेच काम करतेय, पडीक माळ, कातळ, खाणी, आणि त्यातही बहुतेक बेसॉल्टवरच, म्हणजे आपला काळा पत्थर. त्यामुळे खाली जे लिहितेय ते काळ्या दगडाच्या खाणीला लागू धरा. चुनखडी, वाळू, माती किंवा कोळशाची खाण असेल तर बरंच बदलतं, आणि कोळशाच्या खाणीत पाणी आंबट निघालं तर सगळा हिशोबच वेगळा. शिवाय तुमच्याकडे पाऊस किती, खाण किती वर्षं चालली, आजूबाजूला शेती आहे की वस्ती, यावरही खूप काही ठरतं. म्हणून आकडे देताना हात आखडता घेणार आहे, राग मानू नका.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारताय "हिरवं कसं करू", आणि माझ्या मते तुमची अडचण वेगळीच आहे. दहा वर्षं माणूस नसलेल्या खाणीत आत्ता कोण कोण राहतंय हे तुम्हाला माहीत नाही, आणि तुमचा आराखडा नेमका त्यांच्याच डोक्यावर बसणार आहे. तुमच्या यादीतलं एकेक काम बघा, झाडं, मासे, सपाटीकरण. तिन्ही कामं खाणीला चारचौघांसारखी बाग बनवतात. पण खाणीची गंमतच ही की ती चारचौघांसारखी नाही. भोवतालच्या शिवारात उभा कडा नसतो, उघडा दगड नसतो, खत न पडलेली जमीन तर हल्ली कुठंच नसते. ज्यांना हेच लागतं ते सगळे जीव हळूहळू खाणीत गोळा होतात.

माझी पहिली खाण मी बिघडवली होती, ते आधी सांगून टाकते. सपाट कातळ बघून मलाही तुमच्यासारखंच वाटलं की इथं काहीच नाही. शेतातली माती आणवली, ट्रॉल्याच्या ट्रॉल्या, वीतभर थर पसरला, सहाशे रोपं लावली, टँकरने पाणी घातलं. दुसऱ्या उन्हाळ्यात तीन चतुर्थांश रोपं वाळली कारण मातीखाली मुळांना जायला जागाच नव्हती, आणि फोफावलं काय तर गाजरगवत, जे त्या मातीतून बियांच्या रूपाने आम्हीच आणलं होतं. हेही एक वेळ चाललं असतं. पण माती टाकताना ट्रॅक्टरवाल्याने कातळातला एक पसरट खळगा भरून टाकला, मीच सांगितलं होतं भर म्हणून, पाय मुरगळेल कुणाचा तरी असं वाटून. पुढच्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन गेले तर पिवळेधमक झालेले बुलफ्रॉगचे नर नेमके त्या भरलेल्या जागी येऊन बसले होते, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडत होते, आणि खाली पाणीच नव्हतं, चिखल होता. दोन रात्री ओरडले, मग गेले. तेव्हापासून कुठल्याही खाणीत पहिलं वर्ष मी फावडं उचलत नाही, वही उचलते.

तर खाणीत नक्की कुठं काय असतं ते बघू. तुमच्या वर्णनात चार जागा आहेत आणि त्या चारी वेगळ्या आहेत.

मधला सपाट कातळ. सगळ्यात ओसाड दिसणारी आणि माझ्या अनुभवात सगळ्यात मोलाची जागा ही. डंपर फिरून फिरून दाबली गेलेली, वर खडीची कच, उन्हाळ्यात पाय भाजतील अशी. खाली वाकून बघा, दगडावर काळपट पापुद्रा दिसेल. पाणी पडलं की तासाभरात तो हिरवट होतो, ते नीलहरित शेवाळ. हवेतला नायट्रोजन ते धरतं, त्याच्या जोडीला दगडफूल येतं, त्यात धूळ अडकते, मग बोटभर उंचीचं गवत, मग कुसळी. हे सगळं फार सावकाश चालतं आणि सावकाशच चालायला हवं, कारण जमीन निकस आहे म्हणून कुणी एकच वनस्पती दांडगाई करत नाही आणि बारीकसारीक फुलझाडांना जागा मिळते. कड्यातून पाणी झिरपून कातळ जिथं ओला राहतो तिथं पावसाळ्याच्या शेवटी गुडघे टेकून बघा, सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद यातलं काहीही भेटू शकतं. भेटेलच असं नाही, आसपासच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, असेल तर बी येतं. पहिल्या दोन तर किडे खाणाऱ्या वनस्पती आहेत, जमिनीतून नायट्रोजन मिळत नाही म्हणून तो त्या किड्यांतून काढतात. अशा ठिकाणी तुम्ही शेणखत टाकलंत की त्यांचा खेळ संपला.

याच कातळावर मार्च-एप्रिलमध्ये टिटव्या अंडी घालतात. नुसत्या उघड्यावर, चार खडे इकडेतिकडे सरकवून, आणि अंडी अशी खड्यांसारखी की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. चोचीच्या मुळाशी पिवळी लोंबती कातडी असलेली माळटिटवी असेल तर फारच छान, तिला कोरडी उघडी जमीनच लागते. डोंबारी, चंडोल, रातवा हे सगळे पक्षी याच हिशोबातले, जमिनीवर घरटं करणारे. आणि एप्रिलच्या भर दुपारी, जेव्हा कुणी शहाणा माणूस बाहेर नसतो, तेव्हा एखाद्या मुठीएवढ्या दगडावर मान वर करून उभा असलेला सरडा दिसला तर जागीच थांबा. थोड्या वेळाने तो गळ्याखालची घडी पंख्यासारखी उघडतो, निळा, काळा, शेंदरी असा रंग एक क्षणभर, परत बंद. फॅन-थ्रोटेड लिझार्ड म्हणतात त्याला. आपल्याकडच्या या सरड्यांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये वेगळा वंश म्हणून नाव दिलं ते चक्क "सरडा", लॅटिन लिपीत, आपल्या मराठी शब्दावरून. त्याला मादीला दिसायला मोकळं मैदान लागतं आणि उभं राहायला एक दगड. तुम्ही तिथं दोन-दोन मीटरवर रोपं लावलीत तर पाच वर्षांत झाडी होईल, फोटोही छान येतील, पण सरडा गेलेला असेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दुसरी जागा कडा. इथं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती शृंगी घुबडाची. मोठं घुबड, डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे दोन तुरे, आणि बंद खाणींचे कडे त्याला फार मानवतात. घरटं बांधत नाही, कपारीत किंवा कड्याच्या फळीवर नुसत्या मातीत अंडी घालतं, थंडी सुरू झाल्यापासून उन्हाळ्यापर्यंत कधीही, आणि जागा मानवली की वर्षानुवर्षं तीच धरून ठेवतं. अंडी उबवायला महिन्याहून थोडे जास्त दिवस लागतात पण पिल्लं पुढं कितीतरी महिने आईबापावर अवलंबून असतात, म्हणजे तुमच्या कड्याचं जवळपास अर्धं वर्ष त्यांच्या नावावर. आहे की नाही हे ओळखायला घुबड दिसायची गरज नाही. कड्याच्या पायथ्याशी हिंडा, अंगठ्याएवढे किंवा त्याहून मोठे करड्या केसांचे गोळे सापडतात, फोडले की आत उंदराच्या कवट्या, घुशीचे दात. शेजारच्या शेतकऱ्याला एकदा असा गोळा फोडून दाखवा, नंतर घुबडाबद्दल तो अपशकुन वगैरे बोलणार नाही, निदान माझ्याकडचे तरी बोलायचे थांबले.

कड्याच्या वरच्या टोकाला बहुतेक ठिकाणी मुरमाचा किंवा लाल मातीचा थर असतो, दगडापेक्षा मऊ. त्यात गोल भोकं दिसली तर वेड्या राघूंची घरं, फेब्रुवारी-मार्चपासून ते खोदायला घेतात, हात-दोन हात आत. खंड्यालाही असाच उभा मऊ काठ लागतो. त्याहून बारीक, पेन्सिल जाईल एवढी भोकं असतील तर ती एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची. लोक "कडा धोकादायक आहे, उतार करून घेऊ" म्हणतात तेव्हा हे सगळं एका दुपारी पोकलेनखाली जातं. धोका खराच आहे, नाकारत नाही, बेसॉल्टला उभ्या भेगा असतात आणि सुरुंगाने तो आणखी खिळखिळा झालेला असतो, पावसाळ्यात धोंडे सुटतात. पण त्यावर माझा उपाय माणसाला लांब ठेवायचा. वरच्या कडेपासून बरंच मागं कुंपण, आणि खालून कड्याच्या उंचीइतकं तरी अंतर सोडून पायवाट. जिथं वस्तीच्या अगदी लगत कडा आहे तिथं मात्र भूगर्भवाल्या माणसाला दाखवून तेवढाच तुकडा सुरक्षित करून घ्या, तिथं घुबडाचा हट्ट धरू नका.

तिसरी जागा पाणी, आणि इथं दोन वेगवेगळी पाणी आहेत हे लक्षात घ्या. एक तुमचा मोठा खोल डोह आणि दुसरं कातळावरच्या खळग्यांत पावसाळ्यात साठून दिवाळीच्या आसपास आटणारं. सगळ्यांचं लक्ष पहिल्याकडे जातं, माझं दुसऱ्याकडे. आटणाऱ्या पाण्यात मासे नसतात, आणि मासे नसतात म्हणूनच बेडूक तिथं अंडी घालतात. एका खाणीत डंपरच्या चाकाने पडलेली खोबण होती, लांबीला माझ्या दोन ढांगा, खोली जेमतेम चार बोटं, आणि त्या एवढ्याशा पाण्यात नखाएवढ्या बेडकांची काचेसारखी पारदर्शक पिल्लं, शेकड्यांनी, सगळी एकाच दिशेला तोंड करून. पाऊस लांबला तर मरतात, हा जुगार आहेच, पण पाऊस साथ देईल त्या वर्षी खाणभर टुणटुणत असतात. चतुरांचंही तसंच, तो पिवळसर चतुर जो पावसाआधी थव्याने दिसतो, समुद्र ओलांडून जाणारा, त्याची पिल्लं अशाच तात्पुरत्या पाण्यात दीड-दोन महिन्यांत वाढून उडून जातात.

इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ ऑर्टन पिट म्हणून जागा आहे, विटांसाठी चिकणमाती काढलेली खाण. यंत्रांनी माती ओरबाडताना उंचवटे आणि सऱ्या तशाच सोडून दिल्या, सऱ्यांत पाणी साठून शेकडो डबकी झाली, आणि आज तिथं तुरेवाल्या न्यूटची, म्हणजे शेपटीवाल्या पाणसरड्यासारख्या उभयचराची, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या वस्त्यांपैकी एक आहे. कुणी नीटनेटकं सपाटीकरण केलं असतं तर एक मोठं तळं झालं असतं, त्यात मासे आले असते आणि विषय संपला असता. तुमचं "ढीग सपाट करावेत का" याचं उत्तर इथंच आलं. नको. आणि खळगे भरू नका हे तर मी आता ओरडून सांगतेय.

मासे सोडायचे का? नको, हेही ठाम. तिलापिया सोडलात तर परत काढता येत नाही, खोल डोहात तर अजिबातच नाही. डासांसाठी गप्पी किंवा गंबुशिया सोडा असं कुणीतरी नक्की सुचवेल. गंबुशिया मूळचा उत्तर अमेरिकेतला, आपल्याकडे १९२८ मध्ये डासांसाठीच आणला, पण तो डासांच्या अळ्यांवर थांबत नाही, बेडकांची अंडी, लहान पिल्लं, चतुरांच्या अळ्या, जे तोंडात मावेल ते खातो. आणि डासांच्या अळ्या खाण्याचं काम चतुरांच्या अळ्या आणि पाण्यातले किडे मिळून चांगलं करतात. डेंगीचा डास तर डबा, टायर, ड्रम असल्या साठवणीत वाढतो. खाण बंद करून जाणाऱ्यांनी टाकून दिलेले टायर आणि पत्र्याचे डबे आधी उचला, डासांचं निम्मं भांडण तिथंच मिटेल. पाण्यात आधीपासून कुणी मासे सोडलेले असतील, आणि बऱ्याचदा असतातच, तर डोह त्यांना देऊन टाका, पावसाळी खळगे मात्र डोहाला जोडले जाणार नाहीत एवढं बघा.

खोल डोहाची एक अडचण असते, काठ सरळसोट खाली जातात. पाणी छान निळं दिसतं पण कडेला उथळ पट्टाच नसतो, आणि पाण्याकाठचं बहुतेक जीवन त्या उथळ पट्ट्यात असतं, पाणपक्ष्यांचंच बघा, ढोकरी उभी राहायला, तुतारी चालायला, टिबुकलीला तरंगतं घरटं अडकवायला. म्हणून इथं मी यंत्राला परवानगी देते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पडलेल्या मलब्यातला थोडा मलबा एकाच बाजूला ढकलून पसरट उतार करायचा, शून्यापासून गुडघाभर पाण्यापर्यंत हळूहळू जाणारा, शक्य तितका लांब आणि वेडावाकडा. याचा दुसरा उपयोग म्हणजे पाण्यात पडलेलं जनावर बाहेर येऊ शकतं. सरळ भिंतीच्या डोहात साळिंदर, कुत्रं, कधी माणूसही, पोहून पोहून दमतो आणि बुडतो, मी असं साळिंदर बाहेर काढलंय आणि परत काढायची इच्छा नाही. पाणकणीस आपोआप येईल, लावू नका, उलट दर दोन वर्षांनी थोडं उपटावं लागेल. जलपर्णीचं एक रोपटं दिसलं तरी त्याच दिवशी काढा.

चौथी जागा, ढीग. मलबा म्हणजे माती, मुरूम, डबर यांची मिसळ, आणि खाणीत मुळांना जागा असलेली जमीन एवढीच. दगडांच्या फटीत सरडे, विंचू, फुरसं, मुंगूस, सगळे. एखादा ढीग उन्हाकडे तोंड करून असतो, दुसरा सावलीत, म्हणून दहा पावलांवर वेगळी वनस्पती सापडते. झाडं लावायचीच असतील, आणि मला कळतंय की गटात उत्साह आहे, लोकांना हाताने काहीतरी करायचं असतं, तर ती इथं आणि खाणीच्या बाहेरच्या हद्दीवर लावा. तिथलीच, म्हणजे आसपासच्या टेकडीवर आपोआप वाढतात तीच, रोपवाटिकेत जे स्वस्तात मिळतं ते नाही. ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ फुकट मिळाली तरी घेऊ नका. उंबर, पायर, पिंपळ लावायला लागत नाहीत, पक्षी कड्याच्या भेगेत बी टाकून जातात आणि ती झाडं तुम्ही लावलेल्यांपेक्षा जोमात वाढतात, हा माझा दर वेळचा अपमान आहे.

आता कुणीतरी म्हणेल की जगभर लोक खाणींत जंगलं उभी करतात ते काय वेडे आहेत का. नाहीत. केनियात मोंबासाजवळ सिमेंट कारखान्याच्या चुनखडीच्या खाणीत १९७१ पासून रेने हॅलर यांनी सुरूची झाडं लावली. तिथं जमीन खारट पाण्यापर्यंत खणलेली, कोवळ्या सावलीचाही पत्ता नाही. सुरू टिकला पण त्याच्या सुया कुजेनात, मग त्यांनी लाल पायांचे पैसाकिडे आणून सोडले, ते सुया खाऊन माती करत गेले, आणि आज तिथं हॅलर पार्क आहे. मोठं काम. गुरुग्रामच्या अरवली बायोडायव्हर्सिटी पार्कमध्येही जुन्या खाणींच्या जमिनीवर स्थानिक झाडांचं जंगल उभं केलंय. तिथं मूळ अरवलीचं जंगल कसं होतं हे समोर ठेवून प्रत्येक झाड निवडलं, "ऑक्सिजन देणारी झाडं" म्हणून नाही. म्हणजे तुमच्या जागेच्या आजूबाजूला मूळचं जंगल असेल आणि खाणीने त्यात भोक पाडलं असेल तर झाडं लावणं योग्य. पण आजूबाजूला माळ असेल, गवताळ भाग असेल, तर झाडांचा आग्रह म्हणजे माळाला दुसऱ्यांदा मारणं. हे तुमच्या प्रश्नातून मला कळलं नाही, ते तुम्हीच ठरवा. जुन्या माणसांना विचारा, खाण व्हायच्या आधी तिथं काय होतं, ते सांगतात.

उलट बाजूचं उदाहरण इंग्लंडमधलंच, बारनॅक हिल्स अँड होल्स. मध्ययुगातली चुनखडीची खाण, पीटरबरो आणि ईलीच्या कॅथीड्रलना तिथला दगड गेला. १५०० च्या सुमाराला चांगला दगड संपला आणि जमीन खड्डे-टेकाडांसकट तशीच सोडून दिली. पाचशे वर्षांनंतर तिथं जंगल नाही, पातळ निकस मातीवरचं फुलांचं कुरण आहे, ऑर्किड आणि दुर्मीळ पास्कफुलं असलेलं, आणि ते तसं राहावं म्हणून मेंढ्या चारतात. मुद्दाम. कुणी रान माजू दिलं तर काही वर्षांत झुडपं फुलांना गिळतील हे त्यांना माहीत आहे.

यातून मी एक गोष्ट उचलली ती अशी, की खाण सोडून दिली तरी ती तशीच राहत नाही. खाण चालू असताना रोज कुठंतरी नवा उघडा पृष्ठभाग तयार होत होता, तो थांबला की दहा-पंधरा वर्षांत घाणेरी आणि रानमोडी येऊन सगळं भरतात. म्हणजे "काही करू नका" हाही माझा सल्ला नाही. थोडं, दर वर्षी, वेगवेगळ्या जागी. मी साधारण असं करते की मोकळ्या कातळाचे पाच तुकडे मनात पाडते आणि दर हिवाळ्यात एकाच तुकड्यातली झुडपं मुळासकट काढून जमीन खरवडते, जानेवारीत, म्हणजे टिटव्या यायच्या आत. मुरमाच्या काठावर त्याच वेळी कुदळीने एक-दोन मीटरचा उभा काप ताजा करते, वेडे राघू जुन्यापेक्षा ताजा काठ पसंत करतात असं मला तरी दिसलंय. गुरंही एकदम बंद करू नका. शेजाऱ्यांची चार गुरं पावसाळा संपून गवताचं बी पडलं की येऊ द्या, फेब्रुवारीअखेर थांबवा, गवत आटोक्यात राहतं आणि शेजारीही तुमच्या बाजूला राहतात. किती गुरं, हे गवत बघून ठरवायचं, आकडा विचारू नका.

इथवरचं एका दमात सांगायचं तर कातळ उघडा ठेवा, खळगे भरू नका, कड्यापासून माणूस लांब, डोहाला एका बाजूला उथळ काठ, झाडं ढिगांवर आणि हद्दीवर, मासे नकोत, आणि हे सगळं एक वर्ष बघून झाल्यावर.

ते एक वर्ष कसं बघायचं यावर दोन शब्द, कारण "निरीक्षण करा" म्हटलं की लोक पक्ष्यांची यादी करतात आणि थांबतात. आठ-दहा जागा खुणा करून ठरवा आणि दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच दिशेला एक फोटो. जूनमध्ये पाऊस लागला की प्रत्येक खळग्याला नंबर द्या, पाणी कधी भरलं, कधी आटलं, आत काय होतं एवढंच लिहा, तो कागद पुढं सोन्याचा ठरतो, कारण कुठला खळगा महिनाभर टिकतो आणि कुठला तीन महिने यावरून कोणता जीव कुठं वाढेल ते कळतं. नोव्हेंबरपासून संध्याकाळी कड्यासमोर लांब बसून घुबडाचा आवाज ऐका. मार्चमध्ये कातळावरून चालणंच बंद करा, कडेने दुर्बिणीतून बघा. नोंदी आयनॅचरलिस्ट किंवा ईबर्डवर, म्हणजे लोकांच्या निसर्गनोंदी जमवणाऱ्या वेबसाइटवर, टाकायच्या असतील तर जरूर टाका, पण घुबडाच्या कपारीची नेमकी जागा लपवा. फोटोग्राफर मंडळी वाईट नसतात पण एकाने जागा सांगितली की पुढच्या रविवारी बारा जण येतात, आणि अंड्यांवरून उठलेली मादी उन्हात अर्धा तास बाहेर राहिली की पुरे.

कुणी लगेच विचारेल, एक वर्ष गटाला धरून कसं ठेवायचं, लोक कंटाळतील. खरं आहे. त्यांना घाणेरी द्या. घाणेरी, सुबाभूळ, वेडी बाभूळ उपटण्याचं काम पहिल्या महिन्यापासून करता येतं, फक्त आधी झुडपात घरटं आहे का बघून, आणि वरून न छाटता मुळासकट, नाहीतर पुढच्या पावसात दुप्पट. जोधपूरला मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा पार्कचं काम २००६ मध्ये सुरू झालं तेव्हा खडकात रुतलेल्या वेड्या बाभळीची मुळं काढायला त्यांनी परंपरेने दगड फोडणाऱ्या कामगारांना बोलावलं, छिन्नी-हातोड्याने खडक फोडून मुळं काढली. दगड वाचता येणारा माणूस लागतो तो असा. तुमच्या खाणीत पूर्वी काम केलेलं कुणी आसपास राहत असेल तर त्याला गटात घ्या. कुठला थर मऊ, कुठून पाणी झिरपतं, कुठला धोंडा सुटायच्या बेतात आहे, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि मला तरी अशाच एका वयस्कर कामगाराने घुबडाची कपार पहिल्यांदा बोटाने दाखवली होती.

राहिला मुलांचा प्रश्न. पहिल्या वर्षीही नेता येतं, फक्त कुठं आणि कधी ते सांभाळा. डोहाच्या सरळ काठाकडे अजिबात नाही, तिकडे कुंपण झाल्याशिवाय एकही मूल जाता कामा नये, खाणीच्या पाण्याला तळ पटकन लागत नाही आणि पोहता येणारी मुलंही त्यात गेली आहेत. जागा म्हणाल तर खळगे, आणि वेळ जुलै-ऑगस्टची सकाळ. एका वेळी दहा मुलं, पांढरी ताटली, गाळणी, बघून झालं की पाणी परत त्याच खळग्यात. पायात बंद बूट, आणि दगड उचलायचा असेल तर मोठ्या माणसाने उचलायचा, स्वतःच्या दिशेला उघडेल असा कधीच नाही, आपल्याकडची कड जमिनीला टेकलेली ठेवून पलीकडची वर, दगड तुमच्या आणि आतल्याच्या मधे राहिला पाहिजे. आत फुरसं असेल तर ते जाग्यावर गुंडाळून अंगाचे खवले घासतं, तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज येतो. तो ऐकला की दगड हळूच होता तसा ठेवायचा आणि पुढच्या खळग्याकडे जायचं.